पोळ्याला बैलाचे आभार मानतो, मग माणसाचे का नाही? पोरांना 'जाण' शिकवायची तर सुरुवात कुठून करायची

सावदा (ता. रावेर), वार्ताहर :

पोळा जवळ आला. बाजारात गोंडे, घुंगरमाळा, झुली, शिंगांचे रंग लागले. गावात बैलजोड्या आता बोटावर मोजण्याएवढ्या राहिल्या, ट्रॅक्टर वाढले, तरी पोळ्याची खरेदी थांबत नाही. ज्याच्याकडे बैल नाही तो मातीचे बैल आणून पूजा करतो.

हे दिवस आले की मला माझ्याच घरातली एक गोष्ट आठवते. आधी तीच सांगतो, कारण "आजकालच्या पोरांना कशाची जाण नाही" अशी तक्रार पारावर रोज ऐकतो आणि मीही ती करायचो.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. रावेर, यावल भागात वादळ म्हणजे काय ते वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही. महिनाभरावर कापणी आलेली केळी अर्ध्या तासात आडवी झाली. सकाळी शेजारचे शेतकरी, भाऊबंद, नेहमी कामाला येणाऱ्या बाया असे पंधरा-सोळा जण न बोलावता शेतात आले. ज्या घडांचं काही होऊ शकत होतं ते वेगळे काढले, बांधावर रचले. कोणी ट्रॅक्टर आणला, कोणी पाण्याचे कॅन. माझा मुलगा तेव्हा अकरावीला होता. तो आला, पडलेल्या बागेचा व्हिडिओ काढला, स्टेटसला टाकला आणि दुपारी घरी जाऊन झोपला.

रात्री मी त्याला बोललो. "एवढी माणसं राबली, एकाला तरी विचारलं का, चहा घेता का म्हणून?" तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पप्पा, तुम्ही कोणाला थँक्यू म्हणालेले मी कधी ऐकलंच नाही."

मला उत्तर आलं नाही. मी खरंच कोणाला काही म्हटलेलं नव्हतं. मनात होतं, पण मनातलं त्या पोराला कसं दिसणार?

आपल्याकडे 'थँक्यू' का जड जातं

आपल्या घरात आभार मानणं म्हणजे परकेपणा वाटतो. आईने भाकरी वाढली आणि पोरगं 'आभारी आहे' म्हणालं तर आई विचारेल, बरं वाटत नाही का तुला? भावाने मोटार दुरुस्त करून दिली तर आपण म्हणतो, "चल, चहा घे." हेच आपलं थँक्यू. यात चूक काही नाही. 'आभार' हा शब्द आपण ठेवलाय फक्त कार्यक्रमासाठी, आणि तिथेही आभार प्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात.

पण आपल्या भाषेत यासाठी शब्द कमी नाहीत. जाण ठेवणे, उपकार स्मरणे, खाल्ल्या मिठाला जागणे, ऋण फेडणे. हे सगळे शब्द बोलण्यापेक्षा वागण्याचे आहेत. अडचण अशी की आधी पोरं दिवसभर मोठ्यांबरोबर शेतात, खळ्यात, गोठ्यात असायची. कोण कोणासाठी काय करतं हे त्यांना डोळ्याने दिसायचं. आता पोरगं सकाळी कॉलेजच्या बसला, संध्याकाळी क्लासला, रात्री मोबाईलवर. केळी कशी लागते, रात्रीच्या लाईटच्या पाळीला बाप किती वाजता उठतो, हे त्याला माहीतच नसतं. न दिसलेल्या कष्टाची जाण कोणालाच येत नाही. पोरं वाईट आहेत असं मला तरी वाटत नाही.

पोळ्यात काय शिकवण आहे ती नीट बघा

श्रावण अमावस्येला पोळा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला कोमट पाणी, हळद, तूप किंवा लोणी लावून चोळतात. बऱ्याच गावांत त्याच वेळी बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी जू लावायचं नाही, काठी उगारायची नाही. अंघोळ, रंग, झूल, मिरवणूक, मग घरी आल्यावर घरधनीण पाय धुते, ओवाळते आणि पुरणपोळीचा पहिला घास बैलाला. आपल्या खान्देशात खापरावरचे मांडे. घरची माणसं नंतर जेवतात. ज्यांच्याकडे सालदार आहे ते त्या दिवशी सालदाराला कपडे करतात, जेवायला बसवतात.

आता यात मला महत्त्वाचं वाटतं ते खांद्याचं. बैलाच्या पाठीला नाही, शिंगाला नाही, आधी खांद्याला लोणी. कारण वर्षभर जू तिथे होतं. ज्याने जिथे भार सोसला तिथेच हात लावायचा. माणसाचे आभार मानताना आपण नेमकं हेच विसरतो. "सगळ्यांचे आभार" म्हटलं की कोणालाच काही पोचत नाही. "काकू, त्या दिवशी तुम्ही स्वतःची निंदणी सोडून आमच्या शेतात आल्या" असं म्हटलं की बरोबर खांद्याला हात लागतो.

दुसरं म्हणजे पोरगं हे सगळं करताना बघतं. पोळ्याला बाप भाषण देत नाही. बादली घेऊन बैल धुतो, पोरगं मागे मागे असतं, ब्रश मागतं. शिकवणं झालं.

आखाजीचंही तसंच. अक्षय तृतीयेला आपण पूर्वजांच्या नावाने घागर भरतो, आंबा-खरबूज ठेवतो, आगारी टाकतो. पण आज पोरांना विचारा, ही घागर कोणासाठी? "असतं काहीतरी" म्हणतात. त्या दिवशी पाच मिनिटं काढून सांगता येतं की तुझ्या पणजोबाने ही विहीर हाताने खोदली, आजीने दागिने मोडून पहिली पाईपलाईन केली. ज्याच्या घरात जे खरं असेल ते. नाव माहीत झालं की घागरीला अर्थ येतो.

आपल्या मातीतले दोन गुरू

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1880 साली जन्म, 1951 साली गेल्या. शेतात, जात्यावर काम करता करता त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने लिहून ठेवली होती, म्हणून ती राहिली. 1952 मध्ये आचार्य अत्रे यांनी ती पुढे आणली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या गाण्यांचे विषय बघा : जातं, चूल, मोट, पोळा, आखाजी, सुगरणीचा खोपा. रोज हाताखाली येणाऱ्या वस्तूकडे आणि जनावराकडे ही बाई किती लक्ष देऊन बघत होती. वयाच्या तिशीच्या आसपास वैधव्य आलं, हाल काही कमी नव्हते. सुख होतं म्हणून जाण होती असं त्यांच्याबाबत म्हणता येत नाही.

दुसरे साने गुरुजी. मूळचे कोकणातले, पण 1924 ते 1930 ते आपल्या अमळनेरला शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळायचे. मुलांच्या खोल्या, अंथरुणं स्वतः आवरायचे अशा आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितल्या आहेत. मुलांना रागवायच्या आधी काम करून दाखवायचे. पुढे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, 1935 मध्ये ती छापून आली. ते सगळं पुस्तक म्हणजे एका मुलाने आईची ठेवलेली जाण आहे, आणि तीसुद्धा कशी? रोज रात्री एक गोष्ट, आई त्या दिवशी नेमकं काय वागली ती. 'आई थोर असते' एवढंच म्हणून गुरुजी थांबले असते तर ते पुस्तक कोणी वाचलं नसतं.

शास्त्र काय म्हणतं

यावर परदेशात बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेतले रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2003 सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. कॉलेजच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल बरं वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी. तिसऱ्याने आठवड्यात घडलेलं काहीही. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातली मुलं आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसली, त्यांच्या शरीराच्या तक्रारी कमी होत्या आणि ती व्यायामही जास्त करत होती. 2008 मध्ये जेफ्री फ्रो यांनी सहावी-सातवीच्या 221 मुलांवर दोन आठवडे असाच प्रयोग केला, तिथेही अशी यादी करणाऱ्या मुलांना शाळा बरी वाटू लागली होती.

आणखी एक गमतीची गोष्ट. दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. म्हणजे रोज रोज करून तो नुसता गृहपाठ होतो. आणि 2018 मध्ये अमित कुमार व निकोलस एप्ली यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. पत्र मिळालेल्यांना विचारलं तर ते अवघडले फार कमी, आणि आनंद लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त झाला.

हे रामबाण औषध नाही, तेही सांगतो. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा फायदा फार मोठा नाही असं दिसलं. ज्या पोराला खरंच नैराश्य आहे, झोप नाही, जेवण नाही, त्याला वही देऊन "चांगलं काय ते लिही" म्हणू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.

घरात काय करता येतं

आम्ही जे केलं ते सांगतो. वादळानंतर दोन दिवसांनी मी मुलाला म्हटलं, चल, दोघं मिळून यादी करू, त्या दिवशी कोण कोण आलं होतं. त्याला सात नावं आठवली. मला अकरा. उरलेली बायकोने सांगितली, कारण पाणी आणि चहा तिने दिला होता. प्रत्येक नावापुढे त्याने काय केलं ते लिहिलं. एका शेजाऱ्याने त्याच्या स्वतःच्या बागेत झाडं पडलेली असताना आधी आमच्याकडे ट्रॅक्टर आणला होता. हे आम्हा दोघांनाही तोवर माहीत नव्हतं.

मग मुलगा संध्याकाळी एकेकाच्या घरी गेला. मी बरोबर गेलो नाही, मुद्दाम. काही जण हसले, काहींनी चहा पाजला. एक मजूर काकू मात्र स्पष्ट बोलल्या, "बेटा, गोड बोलला, बरं वाटलं. पण तुझ्या पप्पाला सांग, मागच्या आठवड्याची मजुरी बाकी आहे." पोराने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. रात्रीच पैसे नेऊन दिले.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मजुरी हा हक्क आहे, तो वेळेवर द्यायचा, आणि त्यानंतर आभार. पैसे थकवून गोड बोलणं ही जाण नाही. उलटं म्हणजे, आपण काम दिलं म्हणून मजुराने आपले उपकार मानावेत ही अपेक्षाही सोडायला हवी. केळीचा घड डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणारा माणूस नसेल तर आपल्या जळगाव केळीचं भौगोलिक मानांकन, सावदा स्टेशनवरून दिल्लीला जाणारा माल, बऱ्हाणपूरचा भाव, सगळं बांधावरच राहील. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मजुरांची नावंसुद्धा आपल्या पोरांना माहीत नसतात. 'ए मामा' एवढंच. नाव विचारायला पैसे लागत नाहीत.

तसंच आई-बापाने पोरांशी करायचं नाही. "तुझ्यासाठी एवढा खर्च केला, कर्ज काढलं, तुला त्याची किंमत नाही" हे वाक्य दर दोन दिवसांनी ऐकलेलं पोरगं कृतज्ञ होत नाही. ते एकतर दबतं, नाहीतर चिडतं. बारावीच्या निकालानंतर ज्या घरांत हे बोलणं होतं त्या घरांतली पोरं बापासमोर यायला घाबरतात, हे मी बातमीदारीत पाहिलं आहे. उपकाराचं ओझं आणि जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्चाची माहिती पोराला जरूर द्या. त्याला हिशोबाला बसवा, खताची पावती दाखवा, रात्रीच्या पाळीला एक दिवस शेतात न्या. टोमणा मारू नका.

आणि पोरांचेही आभार माना. पोरीने आजीच्या गोळ्या वेळेवर दिल्या, पोराने सातबारा मोबाईलवर काढून दिला, बँकेत रांगेत उभा राहिला, तर तसं बोला. नेमकं बोला. आमच्या घरात आता रविवारी रात्री जेवताना प्रत्येकाने आठवड्यातलं एक नाव सांगायचं, कोणी काय केलं ते. पहिले दोन-तीन रविवार सगळे लाजले. मुलगी म्हणाली, हे काय शाळेसारखं. तिला म्हटलं, नसेल सांगायचं तर नको सांगू, ऐक. महिन्याभराने तिनेच एसटीच्या कंडक्टरचं नाव घेतलं. पास घरी राहिला होता, त्याने तिला उतरवलं नव्हतं.

ज्याला समोर बोलता येत नाही त्याने व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. गुरुपौर्णिमेला, शिक्षकदिनाला फुलांचे फोटो फॉरवर्ड करण्यापेक्षा दहावीच्या सरांना अर्ध्या मिनिटाचा निरोप, "सर, तुम्ही मला अमुक गणित तीनदा समजावलं होतं", हा जास्त पोचतो. मदत केली तर तिचं रील करायचं नाही, एवढा एक नियम आमच्या घरात आहे. तो मुलानेच ठरवला.

नाना

यादी करताना मुलाने मला विचारलं होतं, "पप्पा, तुमची यादी केली तर पहिलं नाव कोणाचं?"

आमच्याकडे 22 वर्षं एक सालदार होते. मी त्यांना नाना म्हणायचो. वखर सरळ कसं धरायचं, बारं कसं द्यायचं, पिलबागेत कोणतं पिल ठेवायचं आणि कोणतं कापायचं, हे मला वडिलांनी नाही, नानांनी शिकवलं. खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. वय झालं तेव्हा एका आखाजीला वडिलांनी त्यांचा हिशोब केला, कपडे दिले, आणि ते सातपुड्याच्या पायथ्याला आपल्या गावी गेले. मी तिथे उभा होतो. एक शब्द बोललो नाही. त्याला बारा वर्षं झाली होती.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगा मोटारसायकलवर गेलो. नाना ओट्यावर बसले होते, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, आवाजावरून ओळखलं. पहिलं वाक्य काय म्हणाले तर, "काय बाकी राहिली का हिशोबात?" त्यांना वाटलं पैशाचं काही निघालं. मी म्हटलं, नाही नाना, भेटायला आलो. मग शिकवलं त्याचं जे बोलायचं होतं ते बोललो. बोलताना अवघड गेलं, खोटं कशाला सांगू. ते हसले, म्हणाले, "मले काय सांगतो, तुझ्या हाताले वळण होतं." आणि मग आमच्या पवळ्या बैलाचीच चौकशी करत बसले. तो मेल्याला दहा वर्षं झालेली.

निघताना मुलाशी बोलता बोलता त्यांनी सहज सांगितलं की एका वर्षी त्यांना दुसरीकडे जास्तीचं साल मिळत होतं. पण आमच्या केळीवर रोग पडला होता, आबा अडचणीत होते, म्हणून ते गेले नाहीत. हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. माझं तोंड उतरलं. आता हे शब्दांनी कसं फिटणार? येताना अख्ख्या रस्त्यात आम्ही दोघं फार बोललो नाही. घरी आल्यावर मुलानेच चौकशी केली, मोतीबिंदूच्या शिबिरात नानांचं नाव दिलं, त्यांना घेऊन गेला, रात्री तिथे थांबला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं राहिलं आहे.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं ठरलं आहे. बायको मांडे करणार आहे. मुलगा आता बाहेरगावी शिकतो, तो आदल्या दिवशी खांदेमळणीला येतोय. आमच्याकडे बैल नाही, पण शेजारच्या काकांच्या जोडीला तो हळद-लोणी लावायला जाणार. नानांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीखही त्याच फेरीत विचारून घ्यायची आहे.